बांधापासून बांधापर्यंत

कोऱ्हाळे बुद्रुकच्या गंगारामची थोरली पोरगी तेजश्री भित्री आहे, हे गावात कुणालाही विचारा, कुणीही सांगेल. लहानपणी सगळी पोरं कालव्यावरच्या पाइपवरून पलीकडच्या बोरीकडं पळायची आणि ही अलीकडं त्यांच्या चपला राखत बसायची. मोठी झाली तरी तेच. घरातून निघताना गॅसचं बटण बघायची, रस्त्याला लागली की पुन्हा माघारी येऊन बघायची. आजी भागुबाई म्हणायची, "ही बया सावलीला बी इचारून पाय टाकती." मग सगळं घर हसायचं आणि तेजश्रीही हसायची. भीती काही जायची नाही.

गंमत बघा, तिला नोकरी लागली ती याच भित्रेपणावर. बारामतीच्या एमआयडीसीत राजवर्धन नावाच्या तरुण माणसाचा छोटा कारखाना. शेतातली मोटर मोबाइलवरून चालू-बंद करणारी पेटी तो बनवायचा. मुलाखतीला त्यानं तिच्यापुढं एक पेटी ठेवली आणि विचारलं, यात चुकीचं काय? बाकीच्या पोरांनी पेटीचं कौतुक केलं. ही म्हणाली, "सर, पेटी आत नोंद लिहिता लिहिता लाईट गेली तर? पाऊस आत गेला तर? उंदरानं वायर कुरतडली तर?" राजवर्धन म्हणाला, "बास बाई, उद्यापासून ये."

पेटीचं काम समजायला सोपं आहे. लाईट आली की ती आपोआप मोटर सुरू करते. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री विहिरीवर जायला नको. आणि मोटरीचं काही काम निघालं तर मोबाइलवरून कुलूप टाकायचं, मग लाईट आली तरी पेटी मोटरीला हात लावत नाही. एवढ्यासाठीच लोक ती घेतात. पूर्वी पाण्यात उतरायचं तर माणूस आधी मेन स्विचमधले तिन्ही फ्यूज उपसून खिशात घालायचा, आणि काम झाल्याबिगर कुणाला द्यायचा नाही. पेटी आली आणि ती सवय सुटली. कशाला तेवढी पायपीट? कुलूप आहे की.

या पेटीच्या पोटात नखाएवढी एक चिप असते. पेटीला जे लक्षात ठेवायचं ते सगळं तिच्यात. जमिनीच्या एकाच गटातली लांबलचक पट्टी समजा, आणि तिचे पाडलेले तुकडे. पहिल्यात पेटीला जागं करणारा प्रोग्राम, दुसऱ्यात रोजचं काम करणारा, तिसऱ्यात मोटर कधी किती चालली याच्या नोंदी, आणि सगळ्यात शेवटी मालकानं सांगितलेल्या गोष्टी. कुलूप आहे की नाही, हे त्या शेवटच्या तुकड्यात. चिपला स्वतःला यातलं ओ की ठो कळत नाही. कुठला तुकडा कुठं पडलाय ते एका फायलीत लिहून द्यावं लागतं, प्रत्येक तुकड्यापुढं दोन आकडे. पेटी डोळे झाकून त्याप्रमाणं वागते. ती फाइल लिहायची तेजश्री.

भिगवणच्या पुढं, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी मानसिंग तात्यांची बागायत होती. मोटर एक, पाइपलाइन एक, आणि पाणी घेणारी भावकीतली चार घरं. पाळीवरून त्यांची रोज जुंपायची. तू दोन तास जास्त घेतलंस, मी नाही, तूच. तात्यांनी राजवर्धनला गळ घातली, "आठवड्याच्या नोंदी काय चाटायच्या? सबंध उन्हाळ्याच्या ठिवा. मंग बघतो कोण खोटं बोलतंय." म्हणून तेजश्रीनं नोंदींचा तुकडा लांबवला, कुलपाचा तुकडा पुढं सरकवला, आणि तशी एक पेटी हिवाळ्यात तात्यांच्या काठावर बसली. तशीच दुसरी तिच्या टेबलावर राहिली, तपासायला. तिला मोटरीच्या जागी बल्ब जोडलेला होता, आणि तिच्यात नोंदी भराभर भरतील अशी सोय करून ठेवली होती.

एप्रिल संपत आला होता. सकाळी कारखान्यात येऊन तिनं टेबलाचं मेन चालू केलं, चहा घेऊन आली, तर बल्ब लागलेला. आदल्या संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं त्या पेटीला कुलूप टाकलं होतं.

कप तिनं टेबलावर ठेवला तो कडेवरच. पडला, फुटला, चहा पायावर सांडला. तिनं फाइल उघडली आणि नोंदींच्या ओळीवर बोट ठेवलं. पहिला आकडा, तुकडा कुठून सुरू. बरोबर. दुसरा आकडा लांबीचा हवा. तिनं लिहिला होता तुकडा कुठं संपतो तो.

असं कसं झालं म्हणाल, तर तिच्या घरात जमीन तशीच सांगतात. गंगारामला विचारा रान किती, तो गुंठे सांगणार नाही. ह्या बांधापासनं त्या बांधापत्तोर, असं हात करून दाखवील. त्याच्या आज्याच्या काळात दोन गावांचं शिवेवरून भांडण लागलं की शीव कुठून कुठवर हे चालून दाखवायला यांच्याच घरचा माणूस पुढं घालायचे. त्याचा शब्द शेवटचा. शीव ठरली की त्याच माणसाला पाणी वरून वाढायचे, ही तऱ्हा. छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरानं गावकीची सगळी कामं टाकली ती कायमची. पण इथून तिथवर मोजायची खोड काही रक्तातून गेली नाही. तेजश्रीनं नोंदींचा तुकडा ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत लिहिला. चिपनं ती लांबी धरली आणि नोंदींचं रान थेट कुलपाच्या रानावर गेलं. फाइल तयार करताना कॉम्प्युटरनं पिवळी ओळ दाखवली होती, दोन तुकडे एकमेकांवर येतायत म्हणून. पिवळ्या ओळी रोज ढिगानं येतात. गॅसचं बटण तीनदा बघणारी ही पोरगी त्या ओळीवर एकदाही थांबली नव्हती.

हिवाळाभर काही बिघडलं नाही, कारण नोंदी अजून अलीकडंच होत्या. आता त्या भरत भरत बांधाला लागल्या असणार. कुलूप टाकलं की ते चिपमध्ये लिहिलं जातं. मग लाईट जाते, आणि लाईट गेली ही नोंद पेटी नेमकी त्याच्यावरच लिहिते. परत लाईट आली की पेटी कुलूप शोधते, तिथं कचरा दिसतो, आणि ती कारखान्यात शिकवलं तसं वागते. म्हणजे थोडं थांबून मोटर चालू.

तिनं तात्यांना फोन लावला. उचलला त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी.

"काकी, मी बारामतीहून बोलतीये, पेटीवाली तेजश्री. तात्या कुठायत?"

"पाण्यात हायती. पाणी लई हटलंय, मोटर पुढं सरकवत्यात. ऋषिराज बी हाय संगं." ऋषिराज म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा.

"फ्यूज काढलेत का त्यांनी?"

"ते मला काय ठावं बाई? काल लाईट जायच्या आधी मोबाइलवरनं कुलूप टाकलं, म्हनले झालं काम. फोन भिजतोय म्हणून हितंच टाकून गेलेत. केबलीचे जोड सोडायचेत म्हणत होते."

त्या आठवड्यात तिकडं दिवसाची लाईट होती, दुपारच्या तोंडाला यायची. तोवर पेटी मेलेली. इथून तिला काही सांगावं तर ऐकणार कशी? तात्या छातीभर पाण्यात आणि ऋषिराजच्या खांद्यावर उघड्या जोडाची केबल. तेजश्रीला ते डोळ्यांपुढं दिसत होतं.

राजवर्धन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. त्याला तिनं दोन वाक्यांत सांगितलं होतं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. फोनवर द्वारकाबाई विचारत होत्या, "का गं, पेटीत काय बिघाड हाय का?" राजवर्धननं हातानं खूण केली, नको. वेगळं काहीतरी सांग. तेजश्रीनं त्याच्याकडं पाहिलं. नोकरी जाईल, हे तिला कळत होतं. कोऱ्हाळ्यात लोक काय म्हणतील तेही कळत होतं.

"काकी, माझी चूक झालीये," ती म्हणाली. "पेटी कुलूप हाय म्हणती, पण न्हाय. लाईट आली की मोटर चालू होणार. ते दोघं पाण्यात असतील तर मरतील. पळा काकी. त्यांना बाहेर काढा आणि फ्यूज काढायला लावा."

तिकडून भांडं पडल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

गाडी राजवर्धननंच काढली. बारामतीतून बाहेर पडेपर्यंत तेजश्रीनं तिकडच्या सबस्टेशनचा नंबर मिळवला. ड्युटीवर सिद्धू नावाचा ऑपरेटर होता.

"तेवढी लाईट थांबवा," ती म्हणाली.

"थांबवा?" सिद्धूला वाटलं आपल्या ऐकण्यात काही चुकलं. "ताई, सकाळधरनं पन्नास फोन आलेत, लाईट कवा देता म्हणून. थांबवा म्हणणाऱ्या तुमी पयल्याच. कोण बोलतंय? मस्करी करता काय?"

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, रडत सांगितलं. तो मग म्हणाला, "वरनं ऑर्डर आली की मला द्यावी लागती. माझ्या हातात थोडंफार हाय तेवढा येळ ओढतो. पर लई न्हाय ओढता यायचं. तुमी माणसं बाहेर काढा."

गाडीत राजवर्धन एकसारखा बोलत होता. काही होणार नाही. तात्या जुने माणूस आहेत, फ्यूज काढल्याशिवाय उतरायचे नाहीत. द्वारकाबाई पोचल्या असतील. तो तिला धीर देत होता की स्वतःला, कुणास ठाऊक. मधेच म्हणाला, "पेटी विकताना मीच सांगितलं होतं त्यांना, आता फ्यूज काढायला काठापर्यंत जायला नको म्हणून." आणि त्यानं गाडीचा वेग वाढवला.

ती द्वारकाबाईंना फोन लावत होती. वाजायचा, वाजून वाजून बंद व्हायचा. घर ते काठ अंतर किती? पावसाळ्यात पाणी घराच्या मागं येतं. आता उन्हाळ्यात ते पार लांब हटलेलं, मधे सगळा भेगाळलेला गाळ. साठीला आलेली बाई त्यातनं कितीशी पळणार? आणि पोचली तरी तात्या ऐकतील? हट्टी माणूस.

भिगवण मागं पडलं आणि डाव्या हाताला उसाची रानं लागली. एका रानाच्या कोपऱ्यावर पाइपाचं कोरडं तोंड होतं. ती त्याच्याकडंच बघत होती. पाइप आधी खाकरला, मग त्यातून थोडी हवा आणि थोडा गाळ आला, आणि मग धबाधबा पाणी पडायला लागलं. पुढच्या रानात तेच. त्याच्या पुढच्या रानातही. उन्हाळ्यात ज्या पाण्याकडं बघून माणसाचा जीव निवतो, त्या पाण्याकडं बघून तेजश्रीनं तोंडावर हात दाबला.

"लाईट आली, सर."

राजवर्धननं गाडी रस्त्यावरून सरळ गाळात घातली. जिथं रुतली तिथं ती उतरून पळाली. लांब काठावर मेन स्विचचा खांब दिसत होता, त्याच्यावर पेटी, आणि खांबाच्या पायथ्याशी कुणीतरी बाई बसलेली. हलत नव्हती. पाण्यात कुणी दिसत नव्हतं. पुढं जाऊन बघण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला वाटलं, आणि तरी ती गेली.

द्वारकाबाई कमरेच्या वरपर्यंत भिजलेल्या होत्या. खांबाच्या पलीकडच्या बाजूला तात्या उभे होते, उघडेबंब, आणि त्यांच्या मागं ऋषिराज ओल्या कपड्यांनिशी गाळावर पाय पसरून बसला होता. दोघंही. तेजश्रीनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि ती मटकन खाली बसली.

ऋषिराजनं सांगितलं ते असं. आई काठावरून ओरडत होती, बाहेर या म्हणून. तात्या म्हणाले, कुलूप हाय, जा घरी. ती ओरडतच राहिली. तात्या बधेनात. मग ती लुगडं न सावरता तशीच पाण्यात शिरली, दोघांच्या मधे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चालू हुती का न्हाय ते हितंच बघू. तिघं बी बघू." तिला पोहता येत नाही. तात्या शिव्या देत बाहेर आले आणि तिचं तोंड बंद करायला म्हणून फ्यूज उपसले. त्यानंतर थोड्याच वेळानं पलीकडच्या बांधावरच्या मोटरी वाजायला लागल्या.

तात्यांच्या मुठीत फ्यूज होते. ते तेजश्रीकडं बघत होते. "बाईमाणसाच्या फोनवर माझं निम्मं काम सोडून आलोय," ते म्हणाले. "खरं हाय का खोटं? दाखव."

"तात्या, दाखवायची काय गरज," राजवर्धन धापा टाकत म्हणाला.

"मला बघायचंय."

तेजश्री उठली. मोटरीकडं जाणारी केबल तिनं स्टार्टरमधून सोडवली आणि टोकं लांब ओढून टाकली. तीनदा तपासली. मग तात्यांच्या हातातून फ्यूज घेऊन एकेक बसवला. पेटीवर हिरवा दिवा लागला आणि सगळे तिच्याभोवती उभे राहिले. आता तिला नवीनच भीती वाटायला लागली. पेटीनं मोटर चालू केली नाही तर हा माणूस परत कधी कुणाच्या हाकेला पाण्यातून बाहेर येणार नाही. आणि चालू झाली तर.

पेटीत खट्ट आवाज झाला. स्टार्टरची पट्टी आत ओढली गेली आणि तो गुणगुणत राहिला. पेटीवर अक्षरं आली, मोटर चालू.

ऋषिराजनं स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, केबल होती तिथं, आणि काढला नाही. तात्या हळूच खाली बसले. एवढा दांडगा माणूस, पण गुडघे हलत होते ते सगळ्यांना दिसलं. मग ते म्हणाले, "हे कुनी केलं?"

राजवर्धननं तोंड उघडलं, पण तेजश्री आधी बोलली. "मी केलं. आकडा चुकला माझा."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. शिवी येईल, हात उगारतील, तिची सगळी तयारी होती. "काढ ती," एवढंच म्हणाले. तिनं फ्यूज उपसले, पेटीचे स्क्रू काढले आणि पेटी पोटाशी धरून गाडीकडं निघाली. द्वारकाबाई तिच्यासोबत गाळातून चालत आल्या. त्यांनी तिच्या दंडाला घट्ट धरून ठेवलं होतं, आणि कोण कुणाला धरून चालतंय ते कळत नव्हतं.

नोकरी गेली नाही. आकडा तिनं दुरुस्त केला, राजवर्धनला शेजारी बसवून दोनदा वाचून घेतला. कुलूप सापडलं नाही तर मोटर बंदच ठेवायची, असंही पेटीला शिकवलं. एवढं करून सुटली असती तर बरं झालं असतं. पण घरी लाईट येऊन पंखा फिरायला लागला की तिच्या हातातलं असेल ते खाली पडायचं. भागुबाईंनी दृष्ट काढायचं काढलं, तर गंगाराम त्यांच्यावर खेकसला, असलं आपल्या घरात चालत नाही म्हणून. मग म्हातारी नुसतीच तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायची.

मग एक दिवस तात्यांचा फोन आला.

"पोरी, पेटी कवा आणतीस? पाळीवरनं परत भांडणं लागलीत."

तिला वाटलं होतं, ते पोलिसात जातील, पेटी पेटवून द्या म्हणतील. हे तिला सुचलंच नव्हतं. "आणते की तात्या. नीट केलीये. पण एक सांगते, पेटी काय बी म्हणू दे, फ्यूज काढल्याबिगर पाण्यात उतरायचं न्हाय."

"आता नीट केलीस न्हवं?"

"केलीये."

"मग?"

"तरी काढायचे."

तात्या हसले. त्या दिवशीचे गुडघे त्या हसण्यात कुठंच नव्हते. "अगं, फ्यूजच काढायचे तर पेटी कशाला? आन तू हाईस की. मागल्या बारीला तुला भ्या वाटलं तर फोन केलास. परत वाटलं तर परत करशीलच. तुझ्या भरवशावर तर बिनघोर उतरतो."

"न्हाय तात्या," ती म्हणाली. "माझ्या भरवशावर उतरू नका. मला कळलंच न्हाय तर? तुमी शब्द द्या."

"बरं बाई, दिला," तात्या म्हणाले. कटकट करणाऱ्या पोराला द्यावा तसा दिला. मागं कुणीतरी हाक मारत होतं, त्यांना पाण्यावर जायचं होतं, त्यांनी फोन ठेवला. फ्यूज निघाले का ते तुम्हीच बघा, असं सांगायला तेजश्रीनं लगेच द्वारकाबाईंना फोन लावला. तो वाजत होता, आणि कुणी उचलत नव्हतं.